गल्लीचं फाटक

गल्लीला फाटक बसवायची कल्पना मूळ सुनेची.

ती हॉस्पिटलात नर्स. महिन्यातला निम्मा काळ रात्रपाळी. सकाळी घरी यायची, अंघोळ उरकायची, पडदे ओढून, कानांत कापसाचे बोळे कोंबून पलंगावर पडायची. आणि नेमकी तेव्हाच गल्ली जागी व्हायची.

वसाहत शहराच्या कडेला होती. एकाच साच्यातून काढल्यासारखी बैठी घरं, प्रत्येकापुढे टीचभर बाग आणि बागेला लोखंडी गजांचं कुंपण. घरांच्या दोन रांगांमधून ही गल्ली जायची. मागच्या वस्तीतल्या लोकांना बसस्टॉप गाठायला मोठ्या रस्त्याने भलामोठा वळसा पडायचा, म्हणून जो तो इथूनच जायचा. सायकलींच्या घंटा वाजायच्या, शाळेची पोरं कुंपणाच्या गजांवरून पट्टी खडखडवत न्यायची. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे सासूबाईंचा आवाज.

सासूबाईंची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. दिवसभर लोकांची बोलणी जोडून द्यायची, हेच काम. सासरे गेल्यावर त्या मुलाकडे राहायला आल्या आणि आल्या दिवसापासून व्हरांड्यातली वेताची खुर्ची त्यांची झाली. कुणी दिसलं की त्या मटार सोलता सोलता खणखणीत आवाजात म्हणायच्या, "बोला!"

लोकही बोलायचे. मागच्या वस्तीतली एक शिंपीण होती, ती तर कुंपणाला टेकून अख्ख्या घराची खबर द्यायची. एक उंच म्हातारे गृहस्थ कडक उन्हातही छत्री मिटूनच हातात धरायचे. सासूबाईंनी त्यांचं नाव छत्रीपती ठेवलं होतं, आणि ते त्यांना आवडलंही होतं. कुणाचा जावई रुसलाय, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे गेलंय, सासूबाईंना सगळं पाठ.

आत सून कुशीवर कुशी बदलत पडलेली असायची.

एकदा वॉर्डात औषधाची बाटली हातात घेतली आणि तिला क्षणभर आठवेचना, ही कुणाला द्यायची. चूक झाली नाही, शेजारच्या नर्सनं वेळेत विचारलं. पण ती हादरली. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "असंच चाललं तर एखाद्या दिवशी माझ्या हातून माणूस जाईल."

नवरा म्हणाला, "आईला सांगू का, हळू बोल म्हणून?"

"त्यांना काही सांगू नकोस. वाईट वाटेल. गल्लीचंच काहीतरी करू या."

तिला वाटलं, आपण किती समजूतदारपणे वागतोय.

वसाहतीची बैठक बोलावली गेली. कोपऱ्यावरच्या घरात बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजरसाहेब राहायचे, ते अध्यक्ष. सून उभी राहून मनापासून बोलली. परके लोक येतात-जातात, सायकली भरधाव जातात, लहान मुलं दारात खेळू शकत नाहीत. गल्लीच्या मागच्या तोंडाला फाटक बसवलं तर सगळ्यांनाच बरं. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहूनच अर्धे लोक विरघळले.

"कोणाकोणाची संमती आहे?" मॅनेजरसाहेबांनी विचारलं.

सगळ्यांत आधी सासूबाईंचा हात वर गेला.

सुनेनं तिकडे पाहिलं. तिला हायसं वाटलं, आणि त्यापलीकडे काही विचार करावा असं तिच्या मनातही आलं नाही.

फाटक बसलं. हिरवं, चांगलं भक्कम, आतून कडी लावायचं. पहिल्या सकाळी ती अशी झोपली की नवऱ्यानं दुपारी हलवून उठवलं. चार लोकांत आपल्याला हसू येतं, भूक लागते, हे तिला नव्यानं कळलं. शेजारणी म्हणाल्या, चेहरा उजळलाय हो तुमचा. संध्याकाळी गल्लीत पोरं चेंडू खेळू लागली.

सासूबाई सवयीनं सकाळी व्हरांड्यात बसायच्या. पण वसाहतीतली माणसं दारातूनच गाडीत बसून निघून जायची, काच वर करून. एकदोघं हात हलवायची. पुढे पुढे सासूबाई आतच बसू लागल्या. रेडिओ लावायच्या तोही इतका हळू, की सुनेनंच एकदा विचारलं, "आई, ऐकू येतंय का तुम्हाला?"

"येतं की. तू झोप."

"आई हल्ली फार गप्प झालीये," नवरा म्हणाला. सुनेनं रक्तदाब तपासला, साखर तपासून घेतली, डॉक्टरला विचारलं. सगळं ठीक निघालं. वयच झालं, असं म्हणून दोघांनी विषय मिटवला.

मग एका दुपारी सून लवकर घरी आली तर दाराला कुलूप. बागेत नाहीत, शेजारी नाहीत. ती धावत बसस्टॉपवर गेली. सासूबाई तिथल्या बाकावर बसल्या होत्या आणि शेजारी ती शिंपीण.

"आई! कुठे निघालात?"

"कुठे नाही गं." सासूबाई ओशाळल्या, चोरी पकडल्यासारख्या. "बसते जरा. बस येते, माणसं उतरतात."

"आजी रोजच येतात," शिंपीण म्हणाली. "आम्हाला आता मोठ्या रस्त्यानं यावं लागतं ना, मग इथंच भेट होते." तिनं सुनेकडे पाहिलं. "तुमची झोप होते का आता नीट?"

विचारण्यात जरासुद्धा टोमणा नव्हता. असता तर सुनेला सोपं गेलं असतं.

त्याच संध्याकाळी ती मॅनेजरसाहेबांकडे गेली. "निदान दिवसा तरी फाटक उघडं ठेवू या."

"अहो, तुमचीच कल्पना ना ही?" त्यांना खरोखरच कळेना. "काय सुरेख बोलला होतात तुम्ही त्या दिवशी! आमची नात आता दारात खेळते, ती तुमच्यामुळे."

तरी तिनं पुन्हा बैठक बोलवायला लावली. ती पुन्हा उभी राहिली. या वेळी सांगण्यासारखं एकच होतं, की सासूबाईंना करमत नाही, आणि ते चारचौघांत बोलताना तिची जीभ अडखळली. लोकांनी सहानुभूतीनं ऐकलं. कुणी सुचवलं, आजींना टीव्ही घेऊन द्या. हात वर झाले ते दोनच, तिचा आणि नवऱ्याचा. सासूबाई आल्याच नव्हत्या. "पोरं खेळायला लागलीत आता तिथं," त्या घरी म्हणाल्या होत्या, "आता कुणाकुणाचं मोडायचं?"

थंडी पडली. बाकावर बसून बसून सासूबाईंना खोकला धरला. मग नणंद आली आणि त्यांना घेऊन गेली, चार दिवस हवापालट म्हणून. नणंदेचं घर भर बाजारात, दुकानांच्या वर. सून आजवर तिथे एक रात्रसुद्धा राहू शकली नव्हती.

चार दिवसांचे दोन महिने झाले तेव्हा ती भेटायला गेली. सासूबाई गॅलरीत होत्या, कठड्यावर कोपरं टेकून. खालून फळवाला विचारत होता, "आजी, खोकला काय म्हणतोय?" आणि त्या वरून सांगत होत्या, "पळाला! तुझ्या ओरडण्याला घाबरला!" त्यांचा तो आवाज सुनेनं किती दिवसांनी ऐकला.

चहा घेताना तिला राहवेना. "आई, त्या दिवशी बैठकीत तुम्ही हात का वर केलात?"

"तू झोपेवाचून वाळत चालली होतीस. ते डोळ्यांनी दिसत होतं मला."

"पण तुम्हाला काय वाटतं, ते मला सांगायचं होतंत."

"तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं." त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या. मग तिचा चेहरा पाहून त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. "अगं, तू तरी काय करणार होतीस? झोप तर हवीच ना माणसाला."

सुनेनं कप खाली ठेवला. मॅनेजरसाहेबांना विचारलं, शेजाऱ्यांना विचारलं, डॉक्टरला विचारलं. घरातल्या घरात, दहा पावलांवर बसलेल्या या बाईला तेवढं विचारलं नव्हतं. आपल्यामुळे त्यांना वाईट वाटू नये म्हणून.

"परत कधी येताय?" तिनं शेवटी विचारलं.

खालून कुणीतरी हाक मारली. सासूबाईंनी मान वळवली, "आले, आले!" म्हणाल्या, आणि उठता उठता सुनेला म्हणाल्या, "पुढच्या वेळी येशील ना, तेव्हा कपाटातले माझे उरलेले कपडे घेऊन ये. आणि ती निळी शाल. घाई नाही."

पुढच्याच रविवारी तिनं कपाट उघडलं. एकेक कपडा बाहेर काढून, इस्त्री करून तिनं पिशवीत भरला. शाल सगळ्यांत वर ठेवली. गल्लीत पोरं खेळत होती. मॅनेजरसाहेबांची नात तिला पाहून चेंडू टाकून धावत आली आणि म्हणाली, "मावशी, फाटक उघडू का तुमच्यासाठी?"

"नको," ती म्हणाली. "मला पुढूनच जायचंय."