पाठ केलेल्या कविता

संध्याकाळी सात वाजता क्लबच्या वाचनालयात पहिली व्हिस्की ओतली गेली.

"घाई करू नका," यजमान पेला नाकाशी धरून म्हणाला. "आधी वास घ्या. मग घोट तोंडात घोळवा. आमच्यासारखे धंद्यातले असाल तर थुंका. बाकीच्यांनी खुशाल गिळा."

हशा पिकला. त्याने घोट घोळवला आणि टेबलावरच्या पितळी भांड्यात थुंकला. तेव्हा कुठे शेजारी उभ्या असलेल्या बायकोच्या जिवात जीव आला.

व्हिस्की पारखणं हीच त्याची नोकरी. मागच्या वर्षी रक्ताची उलटी होऊन तो पडला, तेव्हा डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले होते, "यापुढे घोटभरही पोटात गेली, तर मी काही करू शकणार नाही." दुसरं काम त्याला येत नव्हतं. मग प्रत्येक पेल्यामागे एक कविता, ही टूम तिनेच काढली. कविता म्हणायला ती त्याच्या शेजारी उभी राही. कागदात बघावं लागू नये म्हणून तिने साऱ्या कविता पाठ केल्या होत्या. ओठांवर नदी, चांदणं, विरह; डोळे मात्र त्याच्या गळ्याच्या घाटीवर.

"वहिनी, मानलं बुवा!" पुढच्या खुर्चीतले वकील म्हणाले. "कागद नाही, चष्मा नाही. आमची ही मीठ आणायला जाते आणि मीठच विसरते."

"आणि हे मलाच विसरतात," वकिलीणबाई म्हणाल्या. "मागच्या खेपेला मला इथेच ठेवून घरी गेले होते."

शेवटची व्हिस्की ओतली गेली. भरलेलं भांडं रिकामं करायला वेटर आत घेऊन गेला. एवढ्यात नवऱ्याने खिशातून घडी केलेला कागद काढला.

"ही कविता माझी. आजच लिहिली."

"अहो, मला पाठ नाही," ती पुटपुटली.

"अगं, मग वाच की! कागद कशाला असतो?"

टाळ्या पडल्या. नाही म्हणायची सोय उरली नाही. तिने पर्समधून चष्मा काढला. अक्षर बारीक होतं. मान खाली घालावीच लागली.

"तू बघतेस म्हणून
हात थरथरत नाही.
एकदा डोळे मिटून बघ,
मी उरतो का काही?"

तिचा आवाज चिरकला. लोकांना वाटलं, भरून आलं. तिने मान वर केली तेव्हा त्याचा पेला रिकामा होता. ओठ मिटलेले होते. तो हसत होता.

"वा!" वकील म्हणाले. "कविता झाली. आता सांगा साहेब, ही कशी आहे?"

सगळे त्याच्या तोंडाकडे बघू लागले. वेटर धुतलेलं भांडं घेऊन दारातून आत आला. ती धावत गेली, तिने वेटरच्या हातातून ते जवळजवळ हिसकावलं आणि दोन्ही हातांनी नवऱ्यापुढे धरलं.

"अहो."

भांड्याच्या तळाशी धुतल्याचं थोडं पाणी होतं. ते थरथरत होतं. त्याने अजून तोंड उघडलं नव्हतं.