भांगेच्या भिंतीवरचा तेलरंग

आर्मेल बाहेरगावच्या कामावरून परतली, तर नव्या खोलीची भिंत चकचकीत पांढरी झालेली. तिचे वडील फिर्मँ दारात ब्रश पुसत उभे होते.

"शोध, कुठे एक तरी ओघळ सापडतो का! म्हणे म्हाताऱ्याचा हात थरथरतो."

ओघळ खरंच नव्हता. उभा जन्म फ्रान्समधल्या शॅम्पेन प्रांतातल्या खेड्यांतली घरं रंगवलेल्या माणसाचं ते काम होतं. आर्मेलचं लक्ष मात्र ओघळांकडे नव्हतं.

खोली तिने बाबांसाठीच बांधली होती. आर्मेल स्वतः गवंडी. लाकडी चौकटीत भांगेच्या काड्यांचा चुरा चुन्यात कालवून तिने हाताने ठासला होता. "भिंत झिंगली तर कोण सावरणार गं?" असं शेजाऱ्यांनी चिडवून घेतलं. पण अशी भिंत हवेतला दमटपणा पोटात घेते, सवडीने परत सोडते आणि थंडीत अंगावर येत नाही. बाबांच्या दम्याला तेच हवं होतं. फक्त ती अजून आतून ओली होती. उन्हाळाभर तिला उघडं ठेवायचं होतं, आणि बाबांनी तेलरंगाने तिचं नाकतोंडच बंद केलं होतं.

"छान झालंय, बाबा," ती म्हणाली.

इथेच बाई चुकली. खरं बोलायला जीभ रेटली नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता द्राक्षांची तोडणी उरकली, धुकं उतरलं, आणि बाबा आपली खुर्ची घेऊन राहायला आले.

खुर्ची टेकवताच ते थबकले. रंगाला खाली फोड आले होते. खोलीत भिजल्या गवताचा कुबट वास होता. त्यांनी एक फोड नखाने फोडला, तर आतून काळपट पाणी ओघळलं.

"ह्याला काय झालं?"

"बाबा, भिंत ओली होती. तेलरंगाखाली ओल कोंडली. खरवडावं लागेल सगळं."

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस, गाढवे?"

"तुम्ही इतके खूश होतात."

ते खुर्चीत बसले. खोकल्याची उबळ ओसरेपर्यंत आर्मेल त्यांची पाठ चोळत राहिली.

"आपल्या जुन्या घराच्या भिंती मातीच्या," ते सावकाश म्हणाले. "तुझी आई निजायची त्या खोलीत दर वसंतात काळे डाग यायचे. मी दर वसंतात तेलरंगाचा हात मारायचो. तिला बरं वाटावं म्हणून."

आर्मेलचा हात त्यांच्या पाठीवरच थांबला. आईचा खोकला तिच्या कानातून कधीच गेला नव्हता. भिंतींचं हे काम ती शिकली तेही त्याच खोलीपायी, पण बाबांपाशी तिने ते कधी काढलं नव्हतं.

"ती आजारी होतीच, बाबा. डॉक्टरही म्हणाले होते."

"मी डॉक्टरांना नाही विचारत. गवंड्याला विचारतोय."

तिला खोटं बोलायचं होतं. पण एकदा गप्प राहिल्याचं फळ समोरच्या भिंतीवरून ओघळत होतं.

"हो, बाबा," ती म्हणाली. "रंगाखाली कोंडलेल्या त्या ओलीने तिचा खोकला वाढला असणार."

फिर्मँनी तिच्यापुढे हात केला. "खरवडणी दे."

"राहू द्या, मी करते."

"दे म्हणतो ना!"

तिने दिली. त्यांचा हात आता उघड थरथरत होता.