आठ सिलिंडरची बेवडी

दिवाळी सरली की झाडीपट्टीत गावोगाव मंडईची जत्रा भरते, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट होतात आणि वडशाच्या कंपन्या नाटकं घेऊन जंगलभर फिरू लागतात. या कंपन्यांमध्ये पत्रूएवढ्या लांब जिभेचा मालक नव्हता आणि त्याच्या गाडीएवढ्या मोठ्या घशाची गाडीही नव्हती.

गाडी विलायती. आत पलंग, आरसा, शेगडी, हात धुवायचं भांडं, सगळा संसार. कोणी गोरं जोडपं तिच्यात बसून देशोदेशी हिंडत ताडोब्याचा वाघ बघायला आलं. मोहर्लीच्या फाटकाशी नवऱ्यानं कागदावर पेट्रोलचा हिशेब मांडला, बायकोनं तो वाचला, आणि दोघं वाघ न बघताच विमानानं परत गेली. गाडी पत्रूच्या पदरात पडली. म्हातारं इंजिन, आठ सिलिंडरचं, बैलाच्या छातीएवढं. ते सुरू झालं की पंपावरच्या मशीनमधले आकडे आपोआप पळायला लागतात, असं ब्रह्मपुरीचे लोक सांगत. तिला सगळे ‘बेवडी’ म्हणत. पत्रू मात्र छाती ठोकून सांगे, "अठराचा ॲवरेज देते!"

अठरा नाही, दोन. हे पत्रूखेरीज एकाच माणसाला ठाऊक होतं. ती केसरबाई. कंपनीची मोठी नटी, अंगानं भरदार, आवाजानं त्याहून भरदार. प्रवासात तिची जागा मागच्या सीटवर, आणि त्या सीटखाली पेट्रोलच्या कॅनची रांग. पत्रू आडवळणाला गाडी थांबवी, लघवीचं निमित्त करून उतरे आणि गुपचूप कॅन रिकामा करी. केसरबाईच्या लुगड्याला वास येई, पण मालकाची लाज ती आपली लाज मानून गप्प बसे.

गेल्या हंगामात धानोऱ्याच्या रस्त्यावर कॅन संपले आणि बेवडी आचके देऊन उभी राहिली. सगळी मंडळी खाली उतरली. काय झालं, असं नव्या नायिकेनं, करिष्मानं, विचारलं. खरं सांगायचं सोडून पत्रूनं मागच्या सीटकडे बोट दाखवलं. म्हणाला, केसरबाईच्या वजनानं ॲवरेज पडला, गाडी तरी काय करणार. वरून तो विनोद त्याला इतका आवडला की पुढं प्रत्येक गावात पडदा उघडण्याआधी माईकवर सांगायला लागला. "केसरबाईले उतरवलं आन् गाडी अठरावर आली." गावंच्या गावं हसली. पत्रूनं तिला कंपनीतून काढलं, आणि वडशातल्या बाकीच्या मोठ्या मालकांनीही हसत हसत केसरबाईला कामं देणं बंद केलं. तीस वर्षं जिच्या रडण्यावर बायांचे पदर भिजले, ती नुसती दिसली तरी पोरं खिदळू लागली.

केसरबाई भांडली नाही, रडली तर मुळीच नाही. लच्छूच्या लहानशा कंपनीत, मालवाहू टेम्पोत, सामानावर बसून ती फिरायला लागली. तिला एकच पाहिजे होतं. ज्या तोंडानं ते खोटं माईकवर सांगितलं, त्याच तोंडानं, माईकवरच, खरं यावं. त्याशिवाय तिला अन्न गोड लागणार नव्हतं.

म्हणून तिनं पत्रूची स्तुती आरंभली.

आरमोरीत तिनं सांगितलं की बेवडी वीसचा ॲवरेज देते. गडचिरोलीत बावीस. चामोर्शीत तिनं आवाज खाली आणून सांगितलं की उतार असला तर गाडी पेट्रोल घेत नाही, उलट थोडं टाकीत परत सोडते. आष्टीच्या पुलापर्यंत बातमी पोचली तेव्हा बेवडी नुसत्या वासावर चालत होती. पत्रूच्या कानावर हे आलं आणि तो खुलला. त्याला वाटलं, बाईला तिची चूक उमगली.

एटापल्लीच्या पलीकडं मोहाटोला म्हणून गाव आहे. तिथल्या मंडईला दोन मांडव पडायचे होते, एक पत्रूचा, एक लच्छूचा. मंडईच्या मंडळाचा अध्यक्ष लहानू, सरळ मनाचा धानकरी. अशी गाडी आपल्या गावी येते म्हटल्यावर शंकरपटाच्या मैदानात तिचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं मंडळानं ठरवलं. ही कल्पना लहानूला कोणी दिली, ते सांगायला नको. आणि सत्कार करायचा तर गुण डोळ्यांनी बघायला नको का, असंही त्याला कोणीतरी सुचवलं.

सत्काराच्या दिवशी सकाळी बेवडी आलापल्लीत शिरली ती नेहमीप्रमाणे कोरड्या घशानं. लाकूड डेपोच्या मागं जाऊन कॅन ओतावेत असा पत्रूचा बेत होता. पण रस्त्यातच ताशेवाले उभे. लहानूनं पत्रूला हार घातला आणि गाडी वाजतगाजत पंपावर नेली. लच्छूचा टेम्पो तिथं आधीच उभा होता. वर केसरबाई, पान चघळत.

लहानूनं सांगितलं, मोहाटोला इथून पस्तीस किलोमीटर. अठराच्या हिशेबानं दोन लिटरांत काम भागतं. केसरबाईनं मोठं मन केलं.

"पाच टाका, लहानूभाऊ. चढ लागते मधात."

पाच लिटर पडलं. टाकीच्या झाकणाला लहानूनं हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि लाल धागा गुंडाळून गाठ मारली. पूजेचा धागा. मुक्कामी पोचेपर्यंत तो तोडायचा नाही, ही तिकडची रीत. नवरीच्या गाडीचा धागासुद्धा कोणी वाटेत तोडत नाही.

पत्रूला घाम फुटला, पण हार गळ्यात होता. तेवढ्यात लहानूनं सीटखाली वाकून पाहिलं आणि एवढ्या कॅनांत काय आहे म्हणून विचारलं.

"पाणी," पत्रू म्हणाला. "करिष्मा वडशाचंच पाणी पिते."

करिष्मानं चमकून त्याच्याकडं पाहिलं. केसरबाई टेम्पोतून खाली उतरली.

"मंग ते आमच्या टेम्पोत ठेवा ना. उगाच वजन कायले? भाऊच्या गाडीचा ॲवरेज पडन."

ताशेवाल्यांनी कॅन उचलून टेम्पोत चढवलेसुद्धा. एका शब्दात सगळं थांबलं असतं. तो शब्द पत्रूच्या घशापर्यंत आला, तिथं त्याला हार लागला आणि तो परत गेला.

लहानू पत्रूच्या शेजारी बसला. बेवडी डरकाळी फोडून निघाली. पहिल्या चढाला सागाची पानं गळाली, दुसऱ्या चढाला काटा झोपला, आणि आलापल्लीच्या ताशांचा आवाज कानातून जायच्या आत ती जंगलाच्या मधोमध थांबली. सूरजागडाकडून खनिजाचे ट्रक धडधडत येत होते, पत्रूवर लाल धूळ उडवत होते. पण त्यातला एकही पेट्रोल पिणारा नव्हता. सगळे डिझेलचे.

मागून टेम्पो आला. केसरबाई कॅनांवर मांडी घालून बसली होती.

"काऊन थांबले, पत्रूभाऊ? पाणी पायजे का?"

लहानू शेजारीच उभा. पत्रूनं कॅनाकडं पाहिलं, लहानूकडं पाहिलं, आणि तहान नाही म्हणाला.

"मंग पेट्रोल संपलं का?"

"नाई नाई. इंजिन गरम झालं."

"होते बाप्पा, म्हातारं आहे," ती म्हणाली. करिष्मा आणि कंपनीचा पेटीवाला न विचारता टेम्पोत चढले. पत्रूनंही पाय उचलला, तेव्हा केसरबाईनं त्याला वजनाची आठवण करून दिली आणि सांगितलं की थांबा, मदत धाडते.

मदत आली ती चार पायांची. धानाचे भारे वाहणाऱ्या दोन बैलजोड्या, जाडजूड दोर आणि हसू दाबणारे चार गडी. बेवडीला जुंपलं गेलं. सुकाणूवर हार घातलेला पत्रू आणि शेजारी हळूहळू विचारात पडत चाललेला लहानू. वाटेतल्या प्रत्येक टोल्या-वस्तीतले लोक बांधावर येऊन उभे राहिले. एका म्हातारीनं नवरदेव समजून पत्रूवर तांदूळ टाकले.

ऊन कलताना वरात शंकरपटाच्या मैदानात शिरली. चार तालुक्यांची माणसं जमलेली. पट थांबला. कोणीतरी पत्रूच्या हातात माईक दिला, सत्कार होता ना. बेवडीभोवती बाप्यांचा गराडा पडला, आणि प्रत्येकाच्या ओठांत पेटलेली बिडी.

केसरबाई कॅन घेऊन पुढं आली. समोर बादली ठेवली.

"बैल थकले बिचारे. पाणी पाजते त्याईले," ती म्हणाली, आणि झाकणावर हात ठेवला. कॅनचं झाकण अर्धा वेढा फिरलं.

"बिड्या विझवा!" पत्रू माईकमध्ये ओरडला.

केसरबाईनं झाकण धरूनच ठेवलं.

"काऊन, भाऊ? पाण्याले बिडीचा का त्रास?"

"पेट्रोल आहे ते."

"मंग गाडीचा ॲवरेज?"

पत्रूनं माईक खाली केला. तिनं झाकण आणखी जरा फिरवलं. माईक वर आला.

"दोन."

"आन् मी बसली तं?"

"दोनच."

"उतरल्यावर?"

"दोनच, बाई. दोनच होता. तुमच्या वजनाचं मी खोटं बोललो."

मग पहिल्यांदा हसला तो लहानू, पोट धरून, आणि त्याच्यामागं सगळं मैदान. या हसण्याचं कारण केसरबाई नव्हती, पत्रू होता. मागच्या बाजूनं शिट्टी आली आणि आरोळी उठली, "वन्समोर!"

झाडीपट्टीत वन्समोर आला की नाही म्हणायचं नसतं, आणि अर्ध्यातून सुरू करायचंही नसतं. प्रवेश पहिल्यापासून व्हावा लागतो. लहानू अध्यक्ष होता, रीत पाळणारा होता. त्यानं बैल वळवायला लावले. बेवडी पत्रूसकट फाटकाबाहेर ओढली गेली, पुन्हा आत यायला.

केसरबाईनं कॅनचं झाकण घट्ट लावलं, बिड्यावाल्यांना लांब हाकललं आणि फाटकापर्यंत चालत गेली. खिडकीशी वाकून तिनं जुन्या नटीनं नव्या नटाला सांगावं तसं समजावून सांगितलं, "या खेपेले जरा मोठ्यानं बोला, पत्रूभाऊ. मागच्या बायाईले ‘खोटं’ ऐकू नाई आलं."