रघुनाथच्या गुडघ्याचा तुकडा

"श्रावणात घरात मास हाडलंस? भायर ठेव आधी ता!"

चंद्रावतीने सुनेला उंबऱ्यावरच अडवलं. जानकीच्या हातात औषधी पाण्याची छोटी बाटली होती आणि तिच्या तळाशी तांदळाच्या कण्यांएवढे दोन-तीन कपटे. डिचोलीच्या डॉक्टरीणबाईंनी ते त्याच सकाळी काढले होते. पणजीची लॅब दुपारीच बंद झालेली; सोमवारपर्यंत बाटली घरीच सांभाळणं आलं.

"आई, तुमच्याच झिलाच्या गुडघ्यातलो तुकडो तो."

मागून काठी टेकत रघुनाथ आला. "माका भितर घेतलंस आणि माझ्या तुकड्याक भायर?"

म्हातारी चपापली. सून-मुलगा दोघंही हसताहेत म्हटल्यावर तिने आवाज चढवला. "भायर बोको आसा, कळना नाय? हाड भितर!" आणि बाटली थेट देवाच्या फळीवर जाऊन बसली.

रघुनाथ पाळी गावच्या खाणीवर टिपर चालवायचा. दोन वर्षं त्याचा डावा गुडघा सुजत होता आणि सगळं गाव त्याला वात म्हणत होतं. लेप झाले, शेक झाले, गोळ्या-इंजेक्शनं झाली. क्लच दाबताना डोळ्यांत पाणी यायला लागलं तेव्हा गडी घरी बसला. डॉक्टरीणबाई मात्र त्या एकाच गुडघ्यावर अडून बसल्या.

"वात सहसा एकाच सांध्यावर थांबत नाही," त्या म्हणाल्या होत्या. "रक्तातून आणि एक्स-रेतून नीट उलगडा होत नाहीय. सांध्याचं आतलं अस्तरच तपासू. वात निघाला तर औषधं जन्मभराची. दुसरंच काही निघालं, तर वाताची हीच औषधं घात करतील."

त्यामुळे जानकीचा सगळा जीव त्या बाटलीत अडकला होता. रविवारी सकाळी ती खोबरं किसत होती, तोच तिला उग्र वास आला. बघते तर सासूबाईंनी झाकण उघडलेलं आणि हातात तीर्थाची पळी.

"आई, नको! पाणी घातलास तर तुकडो कुसतलो! मगे तपासतले काय?"

"असल्या जळजळीत पाण्यात पोराचा मास..." चंद्रावतीने पळी खाली ठेवली. तिने झाकण घट्ट लावलं आणि वर तुळशीचं पान ठेवलं. जानकीला हसू आलं आणि भरूनही आलं. पानाला तिने हात लावला नाही. सोमवारी पहिल्या बसने बाटली पणजीला गेली.

आठवड्याने रिपोर्ट आला. वात नव्हता, गुडघ्याचा टीबी होता. जानकीला रडू फुटलं.

"रडतंस कित्याक?" म्हातारी म्हणाली. "वात म्हणजे जन्माचो सोयरो. ह्यो पावणो. आयलो तसो जातलो."

आपल्या सासूचा जानकीला इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

आणि पाहुणा गेलासुद्धा. वर्षभराच्या गोळ्यांनी सूज ओसरली, काठी सुटली, रघुनाथ बाजारहाट करायला लागला. पण झिजलेला गुडघा पुरता वाकेना, आणि टिपरवर दुसरा ड्रायव्हर आला. घर मात्र पुन्हा हसतं झालं होतं.

एका संध्याकाळी सगळी सोप्यावर बसली होती. चढणीवर टिपर धापा टाकत आला. गियर बदलल्याचा आवाज झाला, तसा रघुनाथचा डावा पाय जमिनीवर दाबला गेला आणि अलगद सुटला.

"दुखता?" जानकीने विचारलं.

"नाय गो. जराय नाय," तो म्हणाला आणि टिपर दिसेनासा होईपर्यंत रस्त्याकडे बघत राहिला.