डावा थोरलीचा, उजवा धाकटीचा

त्या घरात दोन जावा होत्या, आणि बावीस वर्षांत दोघींनी एकमेकींना हात म्हणून लावला नव्हता. मारायलासुद्धा नाही. भांडण सगळं तोंडाने, आणि तेही एक स्वयंपाकघरातून तर दुसरी बाहेरच्या खोलीतून. मधल्या भिंतीला खरंच कान असते तर ती बिचारी कधीच बहिरी झाली असती.

भांडायला विषय लागतो असं कुणी म्हणत असेल तर त्याने दोन जावा पाहिलेल्या नाहीत. पण ह्यांना विषय होता. विणकाम. थोरली विणायची ती करकचून. तिचा स्वेटर माणूस अंगात घालत नसे, स्वतःला त्यात कोंबत असे. धाकटी विणायची सैल, हवा खेळती ठेवून. धाकटीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत थोरलीने तिचा मफलर खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाली, "ह्यातून मांजर जाईल गं." झालं! त्या दिवसापासून धाकटीचं नाव पडलं सैलाबाई. ते तिला जन्मभर पुरलं.

मग थोरलीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. तीन आठवडे दवाखान्यात काढून ती घरी आली, तेव्हा जीभ जड झाली होती, पण जिभेची धार तिळभर कमी झाली नव्हती. डॉक्टर सरळ माणूस. त्याने सांगितलं, पाय थोडा चालेल, हाताची आशा धरू नका.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी ती डाव्या हाताने जेवायला बसली. चमचा तोंडापर्यंत जाईतो निम्मा भात मांडीवर. धाकटीला बघवेना. ती म्हणाली, "आणा जाऊबाई, मी भरवते," आणि तिने हात पुढे केला. थोरलीने चमचा असा भिरकावला की तो कपाटावर आपटून पार खाटेखाली गेला.

त्याच संध्याकाळी तिने नवऱ्याला समोर बसवलं. हा नवरा, घरातले सगळे त्याला दादा म्हणत, जन्मभर घड्याळं दुरुस्त करणारा गरीब माणूस. बायकोशी वादात जिंकल्याचं त्याला आठवत नव्हतं. ती म्हणाली, "मला शुश्रूषागृहात ठेवा. तिथे पगारी बायका असतात. सैलाबाईच्या हातनं मी घास घेणार नाही. मेले तरी नाही." दादाने दोन दिवस घड्याळांत डोकं घातलं आणि तिसऱ्या दिवशी जाऊन नाव नोंदवून आला. खाट एक तारखेला रिकामी होणार होती. सकाळी दहाला गाडी येईल. मधे अठरा दिवस होते.

आता तुम्ही म्हणाल, धाकटीला बरंच झालं. तिलाही तसंच वाटलं होतं. स्वयंपाकघर आपलं एकटीचं, कुणी टोकायला नाही! तिचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातून चार दिवस घरी. मूलबाळ नव्हतं. अगदी राणीचं राज्य. आणि तरी दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि साबणाच्या हाताने पुसायला गेली तर आणखीच यायला लागलं. "जाते म्हणे! बावीस वर्षं माझं डोकं खाल्लं, आणि आता जाते!" असं ती कढईला मोठ्याने म्हणाली. तिला राग आला होता, आणि ती घाबरलीही होती.

थोरलीच्या लेकीला दिवस गेले होते, महिन्याभरात बाळ येणार होतं. बाळाच्या टोपीसाठी थोरलीने फिकट पिवळी लोकर आणून ठेवली होती, झटका यायच्या आधी. धाकटीने तो गुंडा काढला, खाटेला चिकटून बाक ओढला, आणि थोरलीच्या उजव्या बाजूला बसून टाके घालायला लागली. मदत करायला नव्हे हो. चिडवायला. चिडली तर निदान बोलेल तरी, एवढाच तिचा हिशोब.

खाटेवर टेकून बसलेल्या थोरलीने तोंड भिंतीकडे फिरवलं. पण विणणाऱ्या बाईचे कान थोडेच फिरतात? सुयांची टकटक ऐकून ऐकून पाचव्या ओळीला ती वळलीच.

"टाके मोजलेस?"

"मोजले."

"खोटं. एक जास्त आहे."

धाकटीने मोजले. एक जास्त होता! न बघता, भिंतीकडे तोंड करून, नुसत्या आवाजावरून! ती चकित होऊन बघत राहिली, तेवढ्यात थोरलीचा डावा हात आला आणि त्याने डावी सुई धरली.

"सोड."

"तुम्ही सोडा."

दोघीही सोडेनात. इकडे ओढ, तिकडे ओढ. त्यात शेवटचा टाका सुईच्या टोकावर आला आणि निसटायला लागला. टाका निसटताना बघून कुठलीही विणणारी बाई गप्प बसू शकत नाही, शत्रूचा असला तरी. थोरलीने अंगठ्याने तो मागे दाबला आणि पहिल्या बोटावर लोकर ताणून धरली. धाकटीची उजवी सुई सवयीने आत गेली, लोकर उचलली, बाहेर आली.

टाका विणला गेला.

दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. पिवळा, मुगाच्या दाण्याएवढा. धाकटीच्या अंगावर सर्रकन काटा आला. तो टाका तिचा नव्हता, आणि जाऊबाईंचाही नव्हता. एका बाईचा डावा हात आणि दुसरीचा उजवा, मधे अख्खी दोन आयुष्यं, आणि हातांनी कुणाला विचारलंसुद्धा नाही. कामाला लागले ते लागले.

"पुढचा सुलट," थोरली म्हणाली.

सुलट झाला. मग उलट. ओळ संपत आली तसा धाकटीचा मोकळा डावा हात मधे मधे यायला लागला. कोपर थोरलीच्या बरगडीत घुसायचं.

"तो हात कुठेतरी ठेव गं!"

"कुठे ठेवू? कापून ठेवू?"

ठेवायला जागा एकच होती. धाकटीने तो जाऊबाईंच्या पाठीमागून नेला आणि पलीकडच्या खांद्यावर ठेवला. इतकी वर्षं ही बाई तिला डोंगराएवढी वाटायची. हाताखाली होता तो चिमणीएवढा खांदा, ऊबदार, आणि श्वासाबरोबर वर-खाली होणारा. ही इतकीशीच होती? ही इतकीशी असून आपण हिला घाबरत होतो? थोरलीने हात काढ म्हटलं नाही.

चमत्कार वगैरे झाला आणि सगळं सुरळीत झालं असं समजू नका. दोन दिवस नुसता धुमाकूळ होता. थोरली लोकर अशी ताणायची की सुई आत शिरेना. धाकटी टाका असा ओढायची की तो गळून लोंबायला लागायचा. टोपीची कड एका बाजूला आक्रसलेली आणि दुसऱ्या बाजूला झालरीसारखी. दोनदा उसवली. "जरा मोकळं धरा, बाळाचं डोकं आहे, लिंबू नाही!" "आणि तू जरा आवर, कलिंगडही नाही!" शेजारीण साखर मागायला आली होती, ती साखर न घेताच परत गेली.

पण पाचव्या-सहाव्या दिवशी काहीतरी बसलं. काय ते धाकटीला नीट सांगता आलं नसतं. थोरली बोट एवढंसं सैल सोडायला लागली, नेमकं धाकटीची सुई शिरते तेव्हा. आणि धाकटी ओढता ओढता थांबायला लागली, नेमकं थोरलीचं बोट थांबतं तिथे. बोलायचं कारणच उरलं नाही. सुया एका लयीत चालल्या. दोघींचे श्वाससुद्धा केव्हा एकत्र चालायला लागले ते कळलं नाही. विणलेलं खाली उतरायला लागलं ते असं एकसारखं, असं मऊ, की धाकटीने बाकावर आडवं करून त्यावरून तळवा फिरवला आणि पुन्हा फिरवला. असं तिने आयुष्यात विणलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर थोरलीनेही नव्हतं.

दादा चहा घेऊन आला होता, तो कप हातात तसाच धरून दारात उभा. मग आत जाऊन डोळ्याला लावायचं ते घड्याळाचं भिंग घेऊन आला आणि टोपीवर वाकला. बराच वेळ वाकून होता. मग उठला. "एका घड्याळाचं चाक दुसऱ्या घड्याळात बसत नाही," तो म्हणाला. "चाळीस वर्षांत एकदा बसलेलं पाहिलं नाही मी."

"चहा गार झाला," थोरली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तर ती काठी टेकत टेकत स्वयंपाकघरातच आली. ओट्यापाशी उभी राहिली, डाव्या हाताने कांदा फळीवर दाबून धरला आणि म्हणाली, "काप."

धाकटीच्या हातात सुरी. खाली जाऊबाईंची बोटं. ज्या बाईने बावीस वर्षं तिच्या सुईवरही विश्वास ठेवला नाही, ती आज सुरीखाली बोटं देऊन उभी होती, आणि कांद्याकडे नाही, खिडकीबाहेर बघत होती! धाकटीने अशी जीव मुठीत धरून सुरी चालवली, जशी काच कापतेय. बोटं एक एक पेर मागे सरकत गेली, सुरी एक एक पेर पुढे. कांदा संपला. सगळ्या फोडी सारख्या. कांदा फोडणीत पडला, गुलाबी झाला, घरभर वास सुटला आणि दादा बाहेरून ओरडला, "आज काय आहे गं?" काही नव्हतं. कांदा-बटाट्याची साधी भाजी होती.

जेवण मात्र थोरली दार लावून घ्यायची. आतून चमचा पडल्याचा आवाज यायचा, मग उचलल्याचा. धाकटी दाराबाहेर फडकं घेऊन उभी राहायची आणि बोलवणं येत नाही म्हणून परत जायची. म्हणजे जायचं ते ठरलेलंच होतं, असं ती समजून चुकली.

मग ती सावकाश विणायला लागली. पाणी पिऊन येते, डोळ्यात काही गेलंय, टाके पुन्हा मोजते. थोरलीला काय कळत नव्हतं होय?

"मुद्दाम करतेस."

"हो," धाकटी म्हणाली. "मुद्दाम करतेय. तुम्ही जाऊ नका."

बोलून गेली खरी, आणि मग मान वर करायची सोय उरली नाही. थोरलीचं बोट लोकरीवर थांबलं. "ओळ पुरी कर," एवढंच ती म्हणाली. शेवटच्या तारखेला दुपारी टाके बंद झाले, बाजू शिवून झाली, आणि टोपी टेबलावर राहिली. तिच्याकडे कुणी बघेना.

एक तारखेला दहाला पाच कमी असताना गाडी आली. थोरली तयार होऊन बसलेली, केस विंचरलेले, पिशवी भरलेली. दादाने पिशवी उचलली. धाकटी चुलीवरची पेज ढवळत राहिली. तिने ठरवलं होतं, बाहेर जायचं नाही, डोळे दाखवायचे नाहीत. पण काठीचा आवाज दारापर्यंत जाऊन थांबला, तशी तिला राहवेना. पळी हातात घेऊनच ती उंबऱ्यापर्यंत आली.

थोरली ड्रायव्हरला विचारत होती, "तिथे माझ्या उजव्या बाजूला कोण बसेल?"

"आहेत ना मावशी. दोन बायका असतात, पाळीपाळीने."

"विणतात?"

"ते... विचारावं लागेल."

"घट्ट की सैल?"

ड्रायव्हरने दादाकडे पाहिलं. दादाने पायाच्या बोटांकडे.

"नाही यायचं मला," थोरली म्हणाली. "जा बाबा तू. तुला उगाच हेलपाटा पडला." आणि ड्रायव्हर गाडीत बसेपर्यंतही न थांबता ती वळली, काठी टेकत आत आली आणि टेबलाशी बसली. दादा पिशवी घेऊन अंगणातच उभा होता. त्याचे खांदे हलत होते, आणि तो हसतोय की रडतोय ते मागून कळत नव्हतं.

धाकटीने पेज वाटीत काढली आणि रोजच्यासारखी तिच्यापुढे ठेवली. चमचा डाव्या हाताशी ठेवला, आणि दार लावून घ्यायला मागे सरली.

"दार कशाला लावतेस?" थोरली म्हणाली. तिने चमचा उचलला, टेबलावरून धाकटीच्या बाजूला सरकवला, आणि खालीच बघत म्हणाली, "बस. मला भूक लागलीय."

धाकटी तिच्या उजव्या बाजूला बसली. चमचा भरला. उचलता उचलता निम्मी पेज वाटीतच परत पडली. थोरली वाट बघत बसली, रागावली नाही. उरलेला घास तिने तोंड उघडून घेतला, गिळला, आणि पुढच्यासाठी पुन्हा तोंड उघडलं.