चारशे बारा बाळं

ती बाळं कधी आजारीच पडली नव्हती. माझी शंका तिथून सुरू झाली.

पोषण कार्यालयाच्या यादीत एका वर्षाच्या आतली चारशे बारा बाळं होती. प्रत्येकाच्या नावावर महिन्याला दूध पावडरचे चार डबे निघत होते आणि प्रत्येकाचं वजन दर महिन्याला संगणकात चढवलेलं होतं. आमच्या पथकातले लोक पत्ते शोधत फिरले, तेव्हा त्यांना बाळांच्या जागी मोकळे प्लॉट, एक गॅरेज आणि एक कुलूपबंद गोदाम सापडलं. डबे परस्पर बाजारात गेले होते, हे उघड होतं. कुणी पाठवले, तेवढंच शोधायचं होतं. सरकारी कामात अशी लबाडी झाली की संगणकातल्या नोंदी तपासायला मला बोलावतात. माणूस कबूल होत नाही, यंत्र होतं, असं मी तेव्हा नव्या मुलांना शिकवायचे.

मी वजनं वाचत बसले. साडेचार, पाच, साडेपाच, सहा. पुढच्या बाळाचंही तेच, त्याच्या पुढच्याचंही. दर महिन्याला बरोबर अर्धा किलो. एकाला जुलाब नाहीत, एकाने दात येताना खाणं टाकलेलं नाही. माझी लेक अकरा महिन्यांची आहे. तिच्या वजनाच्या कार्डावरची रेघ उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. सातव्या महिन्यात तिचं वजन दोनशे ग्रॅमने उतरलं, तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर बसून रडले होते. असं शहाणं, सरळ रेघेत वाढणारं बाळ कुठल्याही आईच्या वाट्याला येत नाही. कुणीतरी तक्त्यात एक आकडा लिहून तो उंदराने, म्हणजे माउसने, खाली ओढत नेला होता.

नावं मात्र सुरेख होती. कुणीतरी बसून चारशे बारा नावं शोधली होती. मला माझ्या एका लेकीचं ठरवायला पाच आठवडे लागले.

सगळ्या नोंदी एकाच आयडीवरून झालेल्या. नोंदणीचं काम करणाऱ्या कंत्राटी बाईंच्या. त्या आधारावर त्यांना अटकही झाली होती. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते चौकशीच्या खोलीत. आत आल्या आल्या त्यांनी पंख्याचं बटण फिरवून वेग कमी केला, कारण माझे कागद उडत होते. मग बसल्या.

"ताई, तुमचा पासवर्ड आणखी कुणाला माहीत होता?"

"कुणाला नव्हता ते विचारा मॅडम. लवकर संपेल."

वायरकाका हसले. काका म्हणजे आमचे तंत्रज्ञ. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, खांद्यावर कायम वायरींची पिशवी, म्हणून हे नाव.

"मॉनिटरच्या खाली चिठ्ठी चिकटवलेली होती," बाई म्हणाल्या. "साहेबांनीच लावायला सांगितली. मी चारला निघायचे ना. ऑफिस सहापर्यंत. साहेब म्हणाले, जा, माझी ना नाही, पण तुमच्यापायी काम अडायला नको. पासवर्ड ठेवून जा."

"या खोट्या नोंदी साडेचार ते सहाच्या मधल्या आहेत."

"मग झालंच की. मी तेव्हा तिथे नव्हतेच."

"कुठे असायचात?"

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "कपडे धुण्याच्या कारखान्यात. दवाखान्यांच्या चादरी येतात तिथे. दुसरी पाळी करते."

कंत्राटात दुसरी नोकरी करायला मनाई होती. ते त्यांना ठाऊक होतं, तरी सांगितलं. आमचा माणूस कारखान्यात जाऊन आला. मालक म्हणाला, अशी कुणी बाई आमच्याकडे नाही. त्याच्या हजेरीपटावर त्यांचं नाव नव्हतं. रोजंदारी हातात द्यायची आणि कागदावर काही आणायचं नाही, अशी तिथली रीत. बरोबरीच्या बायकांनी माना खाली घातल्या. त्यांचीही नावं त्या हजेरीपटावर नव्हती.

"नसलेली पोरं कागदावर आणि असलेली बाई कागदाबाहेर," काका परतताना गाडीत म्हणाले. "चोर सोडून संन्याशाला सुळी. आपल्या ऑफिसच्या दारावर लिहून घेऊ या, रंगाचा खर्च मी करतो."

बाईंच्या संगणकावर वजनांचा तक्ता कुठेच नव्हता. म्हणजे तो दुसरीकडे तयार झाला होता. उरला त्यांच्या साहेबांचा, पोषण अधिकाऱ्यांचा संगणक.

आमच्या कामात एक नियम सगळ्यात वरचा: समोरच्या यंत्राला हात लावायचा नाही. पडद्याचा फोटो काढायचा, यंत्र बंद करायचं, त्याची तबकडी, म्हणजे हार्ड डिस्क, काढून मधे एक छोटी डबी जोडायची आणि तिच्यातून अख्खी प्रत काढायची. त्या डबीतून फक्त वाचता येतं, लिहिता काही येत नाही. मग तपासायचं ते त्या प्रतीवर. मूळ यंत्र आपण आलो तेव्हा होतं तसंच राहिलं पाहिजे, नाहीतर त्यातला पुरावा आपणच घातला असं कुणीही म्हणू शकतं. मी हे चार वर्षं शिकवत होते.

अधिकारी सौम्य माणूस. "बसा ना मॅडम, चहा सांगू?" असं म्हणून स्वतःच खुर्ची सोडून खिडकीशी उभे राहिले. संगणक चालू होता. काका डबी आणायला खाली गाडीकडे गेले होते. तेवढ्यात पाळणाघरातून फोन आला.

"पोर तापलीय तुमची," तिथल्या मावशी म्हणाल्या. "एकशे तीन. मी ओल्या फडक्याने पुसतेय, पण डोळे मिटून घेतेय सारखी. या तुम्ही."

नवरा कामासाठी बाहेरगावी होता. प्रत काढायला दोन तास लागतात आणि ती निघेपर्यंत मला तिथून हलता येत नव्हतं. पडद्यावर 'वजन नवीन' नावाची एक फाइल दिसत होती. मला वाटलं, ही ती नसेल तर या यंत्राची प्रत उद्या काढली तरी चालेल, आत्ताच निघता येईल. फक्त बघायचं. मी ती उघडली.

चारशे बारा नावं. पहिलं नाव तेच, शेवटचं तेच. वजनाचा रकाना सरळ रेघेत खाली गेलेला. मी फाइल बंद केली, आणि बंद करण्याआधी माझ्या बोटांनी ती जतन केली. मी सांगितलं नव्हतं त्यांना. दिवसातून शंभरदा करतात, तसं केलं. अकरा बेचाळीस.

काका वर आले तेव्हा मी त्यांना तापाचं सांगत पर्स उचलत होते. "जा पोरी," ते म्हणाले, "मी बघतो इथलं. सहीची जागा तेवढी रिकामी सोडतो."

कानाचं दुखणं निघालं. संध्याकाळपर्यंत लेकीचा ताप उतरला, ती माझ्या चष्म्याशी खेळायला लागली.

दोन दिवसांनी प्रतीवर काम करताना मी ती फाइल शोधली. शेवटचा बदल: त्या दिवशी, अकरा बेचाळीस. पंचनाम्यात प्रत सुरू केल्याची वेळ होती बारा दहा. फाइल तयार झाल्याची तारीख वर्षभर जुनी होती, पण आतला मजकूर माझ्या हाताने त्या दिवशी पुन्हा लिहिला गेला होता. तो आधीही तसाच होता, हे आता यंत्र सांगू शकत नव्हतं. मीच त्याचं तोंड बंद केलं होतं.

मी विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी पूर्ण ऐकलं, मधे एकदाही टोकलं नाही.

"फाइल अहवालात घालूच नका," ते म्हणाले.

"मग उरतं काय, सर?"

"आयडी उरतो. चारशे बारा नोंदी, एक आयडी. कुठल्याही सुनावणीत उभा राहील."

"पण त्या बाईंनी केलेलं नाही हे."

"पासवर्ड दिला ना? देऊ नये असं लिहून घेतलंय त्यांच्याकडून. सही आहे." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मॅडम, तुम्ही फाइल घातलीत तर ती वेळही घालावी लागेल. ती घातलीत की तुमची चौकशी. शिवाय तो अधिकारी सुटेल तो सुटेलच. मग मिळवलंत काय?"

"ती बाई तीन आठवडे आत आहे."

"तुम्हाला लहान मूल आहे," ते म्हणाले. धमकी नव्हती ती. त्यांना खरंच माझी काळजी वाटत होती, म्हणून ते ऐकायला जास्त वाईट होतं.

रविवारी दुपारी मी नवऱ्याला सांगितलं. लेक माझ्या मांडीवर झोपली होती, पाय सुन्न झाला होता, पण हलले असते तर उठली असती.

"एवढ्यासाठी तू स्वतःला अडकवणार?" तो म्हणाला.

"मी तिला अडकवलंय."

"तिला साहेबाने अडकवलंय. तू चुकलीस फक्त."

"त्याच्याविरुद्ध एकच गोष्ट होती. ती मी खराब केली. आता ती होती हेसुद्धा लपवायचं?"

तो गॅलरीत जाऊन वाळलेले लंगोट काढायला लागला. मग आत जाऊन माझा लॅपटॉप घेऊन आला आणि लेकीला माझ्या मांडीवरून अलगद स्वतःच्या खांद्यावर घेतलं. "लिही मग. ती उठायच्या आत लिही. नंतर तुला एक ओळ सुचू देणार नाही ही."

मी सगळं लिहिलं. वजनांची सरळ रेघ, मॉनिटरखालची चिठ्ठी, अधिकाऱ्यांच्या यंत्रावरची फाइल. आणि वेगळ्या परिच्छेदात, ती मी नियम मोडून उघडली आणि जतन केली, वेळ अकरा बेचाळीस. कारण लिहिलं नाही. कारण लिहिलं की ते सबब वाटतं.

सुनावणीची खोली लांबट होती, खुर्च्या एकमेकींना साखळीने बांधलेल्या. बाई शेवटच्या रांगेत, शेजारी महिला पोलीस. अधिकाऱ्यांचा वकील हळू बोलणारा होता, त्यामुळे सगळे पुढे झुकून ऐकत होते.

"फाइल आपण उघडलीत?"

"हो."

"जतन केलीत?"

"हो."

"इतका अनुभव असताना घाई का झाली?"

"मुलगी आजारी होती."

"म्हणजे आपण मनाने तिथे नव्हता."

"मनाने नव्हते. हाताने होते."

मागे कुणीतरी हसलं. वकील हसला नाही. "आत आपण काही भरलंत?"

"नाही."

"सिद्ध करता येईल?"

"नाही."

विभागप्रमुख टेबलाच्या काचेखालचं जुनं वेळापत्रक वाचत होते. पोषण अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग नव्हता. जवळजवळ आभार होते.

निकाल आठवड्याने आला. हाताळलेली फाइल कुणाविरुद्धही धरता येणार नाही. अधिकाऱ्यांविरुद्ध दुसरं काही नसल्याने ते कामावर परत. यादी त्यांनी केली असं म्हणता येत नाही, तसं पासवर्ड उघड्यावर असल्याने ती बाईंनीच केली असंही ठामपणे म्हणता येत नाही, म्हणून संशयाचा फायदा देऊन बाईंची सुटका. कंत्राट मात्र पासवर्ड दिल्याबद्दल रद्द, आणि पुढे कुठल्याही सरकारी कार्यालयात काम नाही. डबे कुणी विकले, याबद्दल आदेशात एकही वाक्य नव्हतं. माझी चौकशी सुरू झाली आणि मला खाली अभिलेख कक्षात बसवलं. तिथे खोक्यांवर चिठ्ठ्या लावायच्या असतात.

आदेशाची प्रत घ्यायला बाई आल्या, ती खिडकी माझ्याच मजल्यावर होती. सही करून त्या बाकावर बसल्या. मी जाऊन शेजारी बसले.

"वाचून दाखवता?" त्या म्हणाल्या. "अक्षर बारीक आहे."

मी वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"यात मी केलं नाही, असं कुठे लिहिलंय?"

"तसं नाही लिहिलेलं, ताई. तुम्ही केलंत असं सिद्ध होत नाही, असं लिहिलंय."

"एकच ना ते?"

मी हो म्हणू शकले असते.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, मांडीवर ठेवून तळहाताने सपाट केला. "दीर म्हणतात, घरात घेतो, पण आधी कागद दाखव. शेजारचेही विचारतात. शाळेत पोराला विचारतात." त्यांचा आवाज वर गेला नव्हता. "तुम्ही खरं बोललात, असं माझ्या वकीलबाई म्हणाल्या. तुमची नोकरी जाईल म्हणाल्या. मला वाईट वाटलं पाहिजे तुमच्याबद्दल, पण वाटत नाही अजून. खोटं कशाला बोलू?"

"नका बोलू."

"साहेब पुन्हा त्याच खुर्चीवर बसले?"

"हो."

त्यांनी मान हलवली, जणू पत्ता विचारला होता आणि तो बरोबर निघाला होता. मग कागद पुन्हा माझ्यापुढे धरला.

"मग मॅडम, हा मी कुणाला दाखवू?"

खिडकीतला कारकून पुढचा नंबर पुकारत होता. मी कागद हातात घेतला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागले, कुठेतरी एखादा शब्द तरी सापडेल म्हणून. त्या माझ्या बोटाकडे बघत थांबून राहिल्या.