डिझायनर पाहिजे, चहा मिळेल

माझ्या साडूला सगळे कानसेन म्हणतात. त्याचं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे आवाज ऐकण्यात गेलं, आणि मधुमेहाने डोळे नेल्यावर त्याच्याजवळ आवाजच तेवढे उरले. मी लिफ्ट दुरुस्त करायचो, म्हणून तो मला अजून फिटर अशीच हाक मारतो. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. दोघीही आता नाहीत. तो तळमजल्यावर एकटा राहतो आणि मी त्याच इमारतीत वर, मुलाकडे.

आमची एक वेबसाइट होती. दर शनिवारी तिच्यावर आम्ही एक आवाज टाकायचो आणि खाली एकच प्रश्न विचारायचो, हा आवाज कशाचा? कधी शिवणयंत्राचा, कधी जुन्या फ्रिजचा, एकदा तर माझ्या गुडघ्याचा. कुठलेकुठले लोक उत्तरं लिहायचे आणि बहुतेक चुकायचे. कानसेनच्या फोनमध्ये लिहिलेलं वाचून दाखवणारी एक बाई आहे. तिच्या कोरड्या आवाजात ती चुकलेली उत्तरं ऐकताना तो इतका हसायचा की त्याला ठसका लागायचा. माझ्या गुडघ्याला कुणी सुकी फांदी म्हटलं होतं, कुणी गंजलेलं फाटक. त्या आठवड्यात तो मला फाटक म्हणूनच बोलावत होता.

साइट सूनबाईने करून दिली होती. पण ज्या फुकटच्या जागेवर ती होती, ती जागाच महिनाअखेर बंद होणार असं कळलं. सूनबाई कामावरून येते तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघून मी पाणीसुद्धा मागत नाही. तिनेच सांगितलं, "बाबा, माझ्याकडून नाही व्हायचं आता. कुणी हौशी माणूस शोधा. असतात असे, हात बसावा म्हणून फुकट काम करणारे."

मी कागदावर लिहिलं, 'वेब डिझायनर पाहिजे. पैसे नाहीत. चहा मिळेल.' कॉम्प्युटर क्लासच्या दारावर, वाचनालयात आणि खालच्या दुकानात तो कागद चिकटवून आलो.

"चहा कोण करणार ते लिहिलंस का?" कानसेनने विचारलं.

"मीच करणार."

"मग कोण येतंय!"

पण लोक आले. पहिला आला तो फोटो स्टुडिओवाला. त्याने मनापासून काम केलं. प्रत्येक आवाजाच्या वर एकेक सुरेख फोटो लावला. शिवणयंत्राच्या आवाजावर शिवणयंत्राचा, फ्रिजच्या आवाजावर फ्रिजचा.

"कसं दिसतंय, फिटर?" कानसेनने विचारलं.

"कोडं घातलंय आणि वर उत्तर टांगलंय."

फोटोवाल्याला लागलं ते. "काका, लोकांना बघायला आवडतं," एवढं बोलून त्याने चहा संपवला आणि तो गेला.

मग लग्नपत्रिका छापणारी बाई आली. तिचं पान पत्रिकेसारखंच देखणं होतं. अक्षरं एका बाजूने तरंगत येत आणि दुसऱ्या बाजूला विरघळून जात. मी वाचायला शिकलो तेच पन्नाशी ओलांडल्यावर, त्यामुळे मी शब्द जुळवेपर्यंत तो उडून जायचा. कानसेनने फोन हातात घेऊन पडद्यावर बोट फिरवलं.

"बटण," फोनमधली बाई म्हणाली. "बटण. बटण."

"कसलं बटण, बाई?"

"बटण."

पत्रिकावालीने बटणं चित्रासारखी काढली होती आणि कोणतं कशाचं ते लिहिलंच नव्हतं. मी तिला फोन केला. बघते म्हणाली. पुढे तिने फोन उचलणं सोडलं.

त्यानंतरचे काही जण नक्की येतो म्हणाले आणि आले नाहीत. जे आले त्यांना मी पुन्हा पहिल्यापासून सांगायचो, की माझ्या साडूला दिसत नाही, त्याला ही साइट कानांनी वापरायची आहे. ते हो हो म्हणायचे आणि लगेच रंग काढून बसायचे. एकाने तर कानसेनलाच विचारलं, "काका, तुम्हाला कोणता रंग आवडेल?"

"काळा," कानसेन म्हणाला. "सवयीचा आहे."

तो माणूस हसावं की नाही या विचारात तसाच उठून गेला. महिना सरत आला होता आणि जिने चढून-उतरून मी पार थकलो होतो. त्या दिवशी कानसेनने आवाज टिपायचं यंत्र टेबलाच्या खणात टाकलं आणि खण लावून घेतला.

"पुरे झालं, फिटर. तुझे पाय दुखतात, माझं डोकं दुखतं. आपण आपला रेडिओ ऐकू."

मी बरं म्हटलं, पण मनात धसका बसला. नळ ठिबकला तर कोणत्या मजल्यावरचा ते सांगणारा माणूस. त्या दिवसापासून त्याने एकाही आवाजाची चौकशी केली नाही. माझ्या हातून पातेलं पडलं, तरी काय पडलं म्हणून विचारलं नाही.

शेवटी एक बाई आली. चाळिशीची असेल. गाद्या विकणाऱ्या एका कंपनीची साइट ती दिवसभर सांभाळायची. रविवारी दुपारी आली आणि खांद्यावरची पिशवीसुद्धा न काढता कानसेनच्या सोफ्यावर बसली.

"आधीच सांगते, काका. मला डिझाइनचा अगदी वीट आलाय."

"मग आलात कशाला?" कानसेन म्हणाला.

"चहा मिळेल असं लिहिलं होतं."

"चहा याने केलेला आहे."

"चालेल. कुणीतरी केलेला आहे ना."

तिने कानसेनकडून जुनी साइट चालवून घेतली. त्याचं बोट कुठे जातं, फोनमधली बाई काय बोलते, ते ती पडद्याकडे न बघता ऐकत राहिली. मग कामाला लागली आणि एकेक गोष्ट काढून टाकत गेली. रंग गेले, तरंगणं गेलं. राहिला एक प्रश्न, एक ऐकायचं बटण आणि उत्तर लिहायची जागा. कशावरही बोट ठेवलं की ते काय आहे ते फोन सांगायचा.

"आता जुने आवाज नव्या जागी चढतायत," ती म्हणाली. "तोवर जरा डोळे मिटते."

मी चहा घेऊन आलो तेव्हा ती गाढ झोपली होती आणि घोरत होती. मी हाक मारणार, तेवढ्यात कानसेनने ओठांवर बोट ठेवलं. चाचपडत टेबलापाशी गेला आणि आवाज न करता खण उघडला. कप हातात धरून मी तसाच उभा राहिलो.

ती उठली तेव्हा दिवे लागले होते. "अगं बाई! उठवलं का नाही?"

"नव्या साइटवर पहिला आवाज टाकायचाय," कानसेन म्हणाला. "आधी तुम्ही ओळखा."

तिने कपाळाला आठ्या घालून ऐकलं. "पाण्याची मोटर? टाकी रिकामी आहे आणि मोटर नुसती हवा ओढतेय."

कानसेनने मांडीवर थाप मारली. हसता हसता त्याला ठसका लागला, आणि खरं काय ते मलाच सांगावं लागलं. तिचा चेहरा लाल झाला. तिने पुन्हा एकदा तो आवाज ऐकला.

"एवढी दमते मी?"

मी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.

"हा आवाज पुसून टाकू का?" कानसेनने हळूच विचारलं.

"नको, राहू द्या," ती म्हणाली. "पण उत्तर सांगायचं नाही कुणाला." आणि गार झालेला चहा तिने एका दमात पिऊन टाकला.

शनिवारी उत्तरं येऊ लागली. कुणी रंधा म्हटलं, कुणी घाट चढणारा ट्रक. मी ती ऐकायला खाली उतरलो तेव्हा पाय ओढत होतो. कधी एकदा बसतोय असं झालं होतं.

"फिटर, दारातच थांब," आतून कानसेन म्हणाला. "डावा गुडघा आज वेगळाच वाजतोय."

खण उघडल्याचा आवाज आला.

"अरे, बसू दे की मला."

"बस ना. पण सावकाश बस. तेच पाहिजे मला."